चारशे अकरा जणांना समजलेली भेग

जे संशोधन सामान्य माणसाला समजत नाही ते व्यर्थ होय, आणि जे त्याला समजते ते संशोधनच नव्हे. ही दोन्ही तत्त्वे विद्यापीठाने फार पूर्वी मान्य केलेली असून दोन्हींवर स्वतंत्र समित्या काम करत आहेत. (दोन्ही समित्यांचे अध्यक्ष एकच आहेत, त्यामुळे मतभेद होत नाहीत.) त्यातली पहिली समिती यंदा जागी झाली आणि तिने 'संशोधन लोकांच्या दारी' ही योजना काढली. लोकांची दारे पुष्कळ आणि लांब लांब असल्यामुळे लोकांनाच विद्यापीठाच्या दारी बोलवायचे ठरले. योजनेचे नाव मात्र आधीच छापून आले होते, ते तसेच ठेवले.

परिपत्रक निघाले. प्रत्येक प्राध्यापकाने आपले संशोधन दहा मिनिटांत सामान्य श्रोत्यांना समजावून सांगावे. प्रत्येक श्रोत्याला एक कार्ड द्यावे आणि त्यावर 'समजले' व 'समजले नाही' अशा दोन चौकटी असाव्यात. ज्यांचे संशोधन सर्वाधिक लोकांना समजेल त्या प्राध्यापकांना ढाल मिळेल आणि त्यांच्या कोणत्याही एका मागणीवर तीस दिवसांच्या आत निर्णय घेतला जाईल.

हे शेवटचे कलम वाचून भेगवाले सर खुर्चीतून अर्धे उठले.

भेगवाले सर हे इमारतशास्त्राचे प्राध्यापक. भिंतींना पडणाऱ्या भेगा कशा वाढतात, हा त्यांचा विषय. नोकरीला सव्वीस वर्षे झाली होती आणि त्यातली एकोणीस त्यांनी एकाच भेगेवर काढली होती. ही भेग विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहात, मंचाकडे तोंड केले की डाव्या कोपऱ्यात, छताच्या तुळईपासून निघून खिडकीच्या डोक्यापर्यंत आलेली होती. कुणाच्या तरी सत्काराचे भाषण चालू असताना कंटाळून वर बघताना ती त्यांना प्रथम दिसली. बाकीच्यांनी त्या दिवशी काय ऐकले ते आज कुणालाच आठवत नाही, त्यामुळे त्या सभेचे एकमेव फलित म्हणून या भेगेकडे पाहता येईल.

भेगेवर लक्ष ठेवण्याची पद्धत अगदी साधी आहे. बोटभर रुंदीची पातळ काचेची पट्टी भेगेवर आडवी ठेवून दोन्ही टोके भिंतीला पक्की चिकटवायची. भेग स्वस्थ असेल तर काच स्वस्थ राहते. भिंत केसभर जरी सरकली तरी काच तडकते. काचेला सबबी सांगता येत नाहीत आणि तिला समितीवरही घेता येत नाही, म्हणून शास्त्रात तिचा शब्द मानतात.

सरांनी लावलेली पहिली पट्टी अकरा वर्षे टिकली. दुसरी चार वर्षे, तिसरी दोन. चौथी एक वर्ष. पाचवी सात महिने, सहावी दोन महिने आणि सातवी एकोणीस दिवस. हे आकडे वाचून ज्याच्या पोटात गोळा येत नाही, तो माणूस इमारत विभागात वरच्या जागेवर जाऊ शकतो.

अशाच एका माणसाला, म्हणजे इमारत विभागाच्या साहेबांना, सरांनी चौदा पत्रे लिहिली होती. सगळ्या पत्रांतले मुख्य वाक्य एकच होते: 'सदर भेगेच्या विस्ताराचा वेग सम प्रमाणात नसून, उपलब्ध निरीक्षणे मर्यादित असल्याचे लक्षात घेता, व काही गृहीतके मान्य केल्यास, छताच्या भारवहन क्षमतेबाबत प्रतिकूल शक्यता पूर्णतः नाकारता येत नाही.' साहेबांनी प्रत्येक पत्राला न चुकता उत्तर दिले. (या विभागाची तत्परता वाखाणण्यासारखी आहे.) शेवटचे उत्तर असे होते: 'आपण शक्यता नाकारता येत नाही असे म्हटले आहे. आम्हीही ती नाकारत नाही. उभयपक्षी एकमत असल्याने प्रकरण बंद करण्यात येत आहे.'

तेव्हा सरांची मागणी एकच होती. सभागृह बंद करा. आणि ती मंजूर करून घेण्याचा रस्ता आता चारशे माणसांच्या डोक्यातून जात होता. ती माणसे बसणार होती त्याच सभागृहात. दुसरे एवढे मोठे सभागृह विद्यापीठाकडे नव्हते.

प्राध्यापकांना एकदम लोकांसमोर सोडणे बरे नव्हे, म्हणून आधी तीन दिवसांची कार्यशाळा झाली. शिकवायला एक संवाद-प्रशिक्षिका आल्या. त्या अत्यंत प्रसन्न होत्या आणि सतत तशाच राहिल्या. त्यांचे नियम पुढीलप्रमाणे: पहिल्या मिनिटाला विनोद करावा. संपूर्ण भाषणात आकडा एकच असावा, तोही दहाच्या आतला. संशोधनात कुठेतरी आजी आणावी (स्वतःची नसल्यास कुणाचीही चालेल). वाईट बातमी शक्यतो नसावी, असल्यास ती हसत सांगावी. शेवट आशेवर करावा.

या नियमांचा परिणाम झपाट्याने दिसला. शेवाळाच्या प्राध्यापिकाबाईंनी शेवाळाला आजी केले. गणिताचे सर एक संत्रे घेऊन आले आणि ते सोलता सोलता स्वतःच इतके भारावले की सिद्धांत राहूनच गेला. तो न सांगितल्यामुळे सरावासाठी बसवलेल्या श्रोत्यांपैकी नव्वद टक्के लोकांना समजला. इतिहासाच्या सरांनी तीनशे वर्षे दहा मिनिटांत बसत नाहीत हे सांगायला नऊ मिनिटे घेतली, तेव्हा त्यांना सूत्रसंचालन देण्यात आले.

भेगवाले सरांची पाळी आली तेव्हा प्रशिक्षिका म्हणाल्या, "सर, तुमच्या भेगेला एखादं नाव द्या ना. नाव असलं की लोकांना जिव्हाळा वाटतो."

"भेगेला?"

"घरातलं वाटलं पाहिजे. ताई, माई, असं काहीतरी."

सरांनी बराच विचार केला. एकोणीस वर्षांत त्यांना तिला नाव द्यावेसे वाटले नव्हते, कारण ती त्यांना आवडत नव्हती. पण सभागृह बंद व्हायला हवे होते. शेवटी तिचे नाव 'धाकटी' ठेवले. कार्यशाळेतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि दुसऱ्या दिवसापासून शिपायापासून कुलसचिवांपर्यंत जो तो विचारू लागला, "काय सर, धाकटी काय म्हणते?" चौदा पत्रांनी जे झाले नव्हते ते एका नावाने झाले. भेग सगळ्यांना माहीत झाली आणि तिची भीती कुणालाच उरली नाही.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सरांनी घरी तालीम केली. बायको इस्त्री करत होती. सर पंख्याच्या बटणाजवळ उभे राहून बोलले. विनोद झाला, आजी झाली, धाकटी झाली, गृहीतके झाली. आठव्या मिनिटाला बायकोने शर्टाची कॉलर उलटी केली आणि म्हणाली, "म्हणजे ते छत पडणार."

"तसं म्हणता येत नाही."

"का?"

"पुरावा अपुरा आहे."

"मग पुरा कधी होणार?"

सरांनी प्रामाणिकपणे विचार केला. "पडल्यावर," ते म्हणाले.

बायकोने इस्त्री उभी करून ठेवली. लग्नाला चोवीस वर्षे झाली होती आणि नवरा काय करतो असे कुणी विचारले की ती 'भिंतींचं काहीतरी बघतात' असे सांगत आली होती. "अहो, मग एवढंच सांगा ना. छत पडणार आहे, बाहेर व्हा. त्याला दहा मिनिटं कशाला लागतात?"

"ते शास्त्रीय होत नाही गं."

"पडणं शास्त्रीय आहे ना? मग झालं."

सर हसले, पण त्यांना नीट जेवण गेले नाही. आपली सव्वीस वर्षे बायकोने एका शर्टात संपवली, याचे त्यांना वाईट वाटले. ती बरोबर आहे याचे त्याहून वाईट वाटले.

आता श्रोत्यांविषयी. सामान्य श्रोता मिळवणे वाटते तितके सोपे नाही. समितीने त्याची व्याख्या केली: 'ज्यास विषयातील काही माहीत नाही, जाणून घेण्याची घाई नाही, व जो वेळेवर येतो.' या व्याख्येत निवृत्त मंडळी उत्तम बसली. त्यांच्याखेरीज परिचारिका-विद्यालयाच्या दोन तुकड्या, ग्रंथालयात पंख्याखाली बसणारे वाचक आणि प्राध्यापकांचे नातेवाईक असे मिळून चारशे बारा लोक जमले. सभागृह चारशेचे आहे. जास्तीच्या बारा खुर्च्या डाव्या कोपऱ्यात मांडल्या, कारण तेवढीच जागा मोकळी होती. ती मोकळी होती याचे कारण भेगवाले सरांनी तिथे दोरी बांधून ठेवली होती. ती दोरी बाहेर गाड्यांच्या रांगा आखायला कामी आली.

कार्डाची रचनाही मोठ्या कौशल्याने केली होती. 'समजले' या चौकटीत नुसती खूण करायची होती. 'समजले नाही' असे म्हणणाऱ्याला पाठीमागे किमान पन्नास शब्दांत कारणे द्यायची होती. भरलेले कार्ड दाखवल्यावर चहा मिळणार होता. अशा रीतीने आकलनाचे प्रमाण पूर्वीच्या कोणत्याही पद्धतीपेक्षा कितीतरी वर गेले, हे मान्य केले पाहिजे.

शनिवारी सकाळी सर वेळेवर मंचावर गेले. सोमवारीच त्यांनी आठवी पट्टी लावली होती. समोर चारशे बारा चेहरे, त्यात दुसऱ्या रांगेत बायको, मांडीवर पर्स. सरांनी विनोद केला. लोक सौजन्याने हसले. आजी आणली. लोकांना ती आवडली. मग "ही आमची धाकटी," असे म्हणून त्यांनी सवयीने वर पाहिले. कोपऱ्यातल्या बाराही जणांनी धाकटीच्या खालून हात हलवले.

आणि टक् असा आवाज झाला.

फार बारीक आवाज होता. पेनाचे टोपण लावावे एवढा. पण एकोणीस वर्षे ज्याने याच आवाजाची वाट पाहिली आणि तो येऊ नये अशी प्रार्थना केली, त्याला तो कसा ऐकू येणार नाही? आठव्या पट्टीने पाच दिवस काढले होते. काचेचा नखाएवढा तुकडा एका निवृत्त गृहस्थांच्या खांद्यावर पडला आणि त्यांनी तो झटकला.

गृहीतके, मर्यादित निरीक्षणे, प्रतिकूल शक्यता, सगळे कुठल्या कुठे पळून गेले. त्यांनी माइक दोन्ही हातांनी धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा एकही अट न घालता एक वाक्य बोलले.

"हे छत पडणार आहे. उठा आणि बाहेर जा."

मग पहिल्या रांगेत कुणीतरी खुदकन हसले, आणि हसू वणव्यासारखे मागपर्यंत गेले.

"अहो, खरं सांगतोय! उठा! सगळे उठा!"

आणि सगळे उठले. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत खुर्च्या सरकल्या आणि चारशे माणसे उभी राहिली. सरांच्या डोळ्यांत पाणी आले. समजले, यांना समजले, असे त्यांना वाटले. तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. लोक टाळ्या वाजवायला उभे राहिले होते.

"काय सांगितलंय हो!" निवृत्त गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले. "एकदम डोळ्यांपुढे उभं केलं बघा." आणि पुरेशा टाळ्या वाजवून झाल्यावर ते धाकटीच्या खाली पुन्हा बसले.

एकच बाई दाराकडे चालली होती. दारात पोचल्यावर तिने वळून हाक मारली, "अहो, चला!"

सरांनी तिच्याकडे पाहिले. मग लोकांकडे पाहिले. टाळ्या अजून चालू होत्या. त्यांच्या व्याख्यानाला आजवर कुणी टाळी वाजवली नव्हती. तास संपला की मुले वह्या मिटायची, तेवढाच काय तो आवाज. आता माणसे उभी राहून हात लाल करत होती. सरांना लाज वाटली आणि बरेही वाटले. बरे जरा जास्तच वाटले. ते जागचे हलले नाहीत. उलट त्यांनी हात जोडून थोडे वाकून अभिवादन केले, आणि मग प्रशिक्षिकेने शिकवल्याप्रमाणे शेवट आशेवर केला.

चाळीस मिनिटांनी ते ढाल घेऊन बाहेर आले तेव्हा बायको गाड्यांच्या रांगेत दोरीला टेकून उभी होती. तिचे डोळे लाल झाले होते.

"पडलं असतं म्हणजे?"

"अगं, टाळ्या वाजवत होते लोक," सर म्हणाले. याहून चांगले कारण त्यांना घरी पोचेपर्यंत सुचले नाही.

अहवाल आला. उपस्थिती चारशे बारा. 'समजले' चारशे अकरा. 'समजले नाही' एक. ही एकमेव श्रोती दुसऱ्या रांगेतील गृहिणी असून व्याख्यान ऐन रंगात असताना ती उठून गेली, तिने कार्ड भरले नाही व चहाही घेतला नाही. समितीने याची गंभीर दखल घेतली आणि अशा अल्प आकलन असलेल्या घटकांसाठी आणखी सोपे व्याख्यान ठेवावे अशी शिफारस केली.

कलमाप्रमाणे कुलगुरूंनी सरांना दालनात बोलावले. "बोला, काय मागणी आहे?"

"सभागृह बंद करा," सर म्हणाले. "छत पडणार आहे."

कुलगुरूंना हसू आवरेना. त्यांनी बेल वाजवून कुलसचिवांना बोलावून घेतले. "सर, परत म्हणा ना तेच. यांना ऐकू दे."

सरांनी परत म्हटले. कुलसचिवांनाही फार आवडले.

तरी मागणी लेखी नोंदवली गेली, कारण नियम म्हणजे नियम. ती इमारत विभागाकडे गेली आणि साहेबांनी एकोणतिसाव्या दिवशी निर्णय दिला. त्यांनी सगळी चौदा पत्रे पुन्हा काढून वाचली होती. त्यात त्यांना एकच तक्रार ठळकपणे आढळली, ती म्हणजे काचेची पट्टी वारंवार तुटते. काच या कामास योग्य नाही हे उघड होते. सबब त्या जागी तीन बोटे रुंद लोखंडी पट्टी आठ खिळ्यांनी ठोकून बसवण्यात आली आणि भिंतीच्या रंगाने रंगवण्यात आली. ही पट्टी आजतागायत तुटलेली नाही. एकोणीस वर्षे रेंगाळलेला प्रश्न सुटल्याबद्दल साहेबांना प्रशस्तिपत्र मिळाले.

सर पत्र हातात घेऊन चिडले, हे सांगितलेच पाहिजे. ते जिना चढून साहेबांकडे गेले, मेजावर मूठ आपटली, आणि "पट्टी तुटावी म्हणूनच लावतात हो!" असे ओरडले. साहेब शांतपणे म्हणाले, "सर, हा विनोद त्या दिवशी नव्हता. नवीन आहे का?"

त्याच दुपारी योजनेचे पत्र आले. लोकाग्रहास्तव सरांचे व्याख्यान पुढच्या शनिवारी पुन्हा ठेवले होते. त्याच सभागृहात, सहाशे खुर्च्यांनिशी. सर नाही म्हणणार होते. पण पुन्हा सांगितल्याशिवाय लोकांना कळणार कसे, असा विचार त्यांनी केला, आणि तो विचार त्यांना इतका पटला की संध्याकाळी ते आरशासमोर 'उठा'च्या आधी किती थांबावे ते मोजत उभे होते.

शनिवारी बायकोने शर्टाला इस्त्री करून दिली. "मी येणार नाही," ती म्हणाली. "आणि तुम्हीही जाऊ नका."

"अगं, घाबरतेस काय? आता लोखंडी पट्टी आहे."

आपण काय बोललो हे सरांच्या लक्षात यायला दोन जिने उतरावे लागले. लक्षात आल्यावर ते कठडा धरून थांबले. बराच वेळ थांबले. मग त्यांनी घड्याळ पाहिले, आणि उशीर होतोय असे दिसल्यावर ते भरभर उरलेला जिना उतरले.

प्रस्तुत वृत्तान्तही त्याच योजनेखाली सामान्य वाचकांसाठी लिहिलेला असल्याने त्यासोबत कार्ड जोडणे बंधनकारक आहे. आपण 'समजले' या चौकटीत खूण करणार याबद्दल समितीला शंका नाही. साहेबांना आपण हसलात, टाळ्या वाजवणाऱ्यांनाही हसलात. आठही पट्ट्यांचे आकडे आपण वाचलेत, टक् असा आवाज झाला तेव्हा आपण हजर होता, आणि इतके होऊनही आपण जिथे बसून हे वाचत आहात तिथल्या छताकडे एकदाही मान वर करून पाहिले नाहीत. (आता पाहिलेत, ते धरले जाणार नाही.)